नळ टपकू द्या

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला पाणी भरायला शिकवावं लागत नाही. 'उद्या पाणी नाही' एवढं कानावर पडायचा अवकाश, पिंप, बादल्या, पातेली, वेळ पडली तर कुकरसुद्धा भरून तयार. शिकागोच्या उपनगरात घर घेतलं की ही विद्या उलटी फिरवावी लागते. इथे हिवाळ्याआधी पाणी भरायचं नसतं, ओतून द्यायचं असतं. माझ्यातला मराठी माणूस अजून याला तयार नाही.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, हे शाळेत घोकलेलं असतं. शाळेत न सांगितलेलं असं, की बर्फ जिथे धरतो तिथेच पाईप फुटतो असं नाही. बर्फाचा बूच पुढचं पाणी बंद नळाकडे रेटतो, कोंडलेल्या पाण्याचा दाब चढत जातो आणि पाईप भलतीकडेच फाटतो. शक्यतो नव्या लाकडी फरशीच्या आसपास.

सुरुवात अंगणातल्या नळापासून. ऑक्टोबरच्या मध्याला होज, म्हणजे बागेचा रबरी पाईप, काढायचा, बस. तरी तो नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत लोंबतो, कारण 'एकदा गाडी धुवायचीय'. गाडी काही धुतली जात नाही. 'आमचा नळ फ्रॉस्ट-फ्री आहे' म्हणणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. या नळाचा व्हॉल्व्ह भिंतीच्या आत आठ-बारा इंचांवर, उबेत असतो. बंद केल्यावर पुढच्या नळीतलं पाणी बाहेर ओघळून जावं, ही सारी करामत. तोंडाला होज किंवा टायमर लावून ठेवला तर ते पाणी जाणार कुठे? ते तिथेच गोठतं, नळी आतल्या आत चिरते, आणि व्हॉल्व्ह बंद असल्याने कुणाला पत्ता लागत नाही. वसंतात पहिल्यांदा नळ सोडला की बेसमेंटातल्या बासमतीच्या पोत्यावर अभिषेक.

जुन्या नळासाठी बेसमेंटात वेगळा व्हॉल्व्ह असतो. तो सापडणं हाच निम्मा कार्यक्रम. बहुधा छतालगत, बॅगांच्या चळतीमागे. तो बंद करा, बाहेरचा नळ उघडा, मग व्हॉल्व्हच्या कुशीतली छोटी पितळी टोपी अर्धा फेरा सैल करा. खाली पातेलं धरा. कपभर पाणी येतं, त्यातलं निम्मं बाहीत जातं. टोपी परत आवळा, बाहेरचा नळ हिवाळाभर उघडाच ठेवा. दुसऱ्या दिवशीही थेंब पडत असतील तर आतला वॉशर गेलाय. व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी झिरपत असेल तर दांड्याभोवतीचा पॅकिंग नट फेऱ्याचा जेमतेम आठवा हिस्सा फिरवा. लांब पाना घेऊन शौर्य गाजवलं की व्हॉल्व्ह हातात येतो, आणि प्लंबर रविवारच्या दराने येतो.

हिरवळीच्या स्प्रिंकलरमधलं पाणी हवेने उडवावं लागतं. इथे दाबापेक्षा हवेचा पुरवठा महत्त्वाचा. टायर फुगवायच्या कॉम्प्रेसरने फक्त आवाज होतो. पीव्हीसी पाईपांना ८० पीएसआय (दाबाचं एकक), पॉलिथिलीनच्या पाईपांना ५० ही कमाल मर्यादा. एका वेळी स्प्रिंकलरचा एकच झोन, म्हणजे विभाग, दोन मिनिटांच्या आत. मी म्हणेन, माणूस बोलवा.

आता खरी परीक्षा, बाहेरच्या भिंतीलगतचं किचन सिंक. इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी उघड्या पाईपांसाठी २० फॅरनहाइट, म्हणजे उणे ६.७ सेल्सिअस, ही धोक्याची खूण सांगितली. वारा लागला तर गोठायला वेळ लागत नाही, म्हणून केबल आत येते तिथली फट आधी बुजवा. पाईपावरचं फोम फक्त थंडी लांबवतं, ऊब देत नाही. पारा त्या खुणेखाली जाणार असेल त्या रात्री सिंकखालची कपाटं उघडी ठेवा आणि गरम-गार दोन्ही नळ टपकू द्या. हो, मुद्दाम. दाब मोकळा राहतो. आयुष्यभर 'नळ कुणी टपकत ठेवला?' ऐकलेल्या माणसाला त्या टिपटिपीत झोप लागणं अशक्य; रात्री दोनला उठून सवयीने नळ बंद करणारं एखादं ज्येष्ठ माणूस घरात असतंच. नळावर चिठ्ठी लावा, मराठीत. तरीही गोठलाच, तर नळ उघडा ठेवून नळाकडून मागे हेअर ड्रायर फिरवा. ब्लोटॉर्च नको, भिंतीत लाकूड आहे.

डिसेंबरात लग्नाला भारतात निघालात तर मेन व्हॉल्व्ह बंद करा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडून पाणी काढा, फ्लश करा. फ्रिजचा आइसमेकर बंद करायला विसरू नका, पाण्याविना तो उगाच धडपडत राहतो. सिंकखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या वाकड्या पाईपात, कॅम्परगाड्यांचं गुलाबी अँटिफ्रीझ (गोठण रोखणारं द्रव) कपभर ओता. गाडीतलं हिरवं नव्हे, ते विषारी असतं. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटखाली नेऊ नका, आणि निघण्याआधी त्याचे सेल बदला. मेलेल्या सेलपायी घर तापवणारी भट्टी बंद पडली, तर तुम्ही तिकडे अक्षता टाकत असताना कळवणार कोण?