तीन युरो द्या आणि गारठा

जगातल्या तमाम गार्डरोबवाल्यांनो, म्हणजे क्लबच्या दारात लोकांचे कोट-जॅकेट सांभाळायला घेणाऱ्यांनो, तुमच्या हँगरांना वाळवी लागो. लोखंडी असले तरी लागो.

काल रात्रीचं इश्गल, ऑस्ट्रियातलं स्कीइंगचं गाव. बाहेर उणे अकरा, क्लब तळघरात. दारातच फर्मान: जॅकेट घालून आत जायचं नाही, गार्डरोब सक्तीचा, नगाला ३ युरो, रोख. आत बिअरला कार्ड चालतं, आख्ख्या व्होडकाच्या बाटलीलाही चालतं, फक्त खुंटीला चालत नाही. मफलर बाहीत कोंबला तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, दिसला मला, तो वेगळा नग. घे बाबा सहा.

दोनच्या सुमारास परत गेले. बिल्ला दिला. त्याने आणून दिलं एक काळं, पुरुषी, डबल एक्सेल जॅकेट, बाहीवर वाळलेलं चीज आणि खिशात अर्धा प्रेट्झेल. म्हटलं, हे माझं नाही. "नंबर तोच आहे." अरे माझं मोरपंखी आहे, कमरेला बसणारं, टोपीला फर आहे. त्याने बँकेतल्या कॅशियरच्या थंडपणाने बिल्ला उलटा करून बघितला. "नंबर तोच आहे." मागे रांग, रांगेत अर्धी मंडळी तर्र, आणि ओरडतायत माझ्यावर! त्याच्या डोक्यावर पाटी: ठेवलेल्या वस्तूंची जबाबदारी आमची नाही. मग तीन युरो कसले घेतलेस रे? टांगायची मजुरी? वर तोडगा काय, तर "बंद होईपर्यंत थांबा, शेवटी जे उरेल ते तुमचं." बंद होणार पाचला.

माझं जॅकेट घालून कोणी बाहेर सिगरेट ओढत उभं आहे का, ते बघायला दोन मिनिटं वर गेले. परत आत येताना बाउन्सर म्हणतो, हातावरचा शिक्का दाखव. शिक्का गेला होता, कारण त्या क्लबात बाथरूममधून बाहेर येताना हात धुणारी बहुधा मी एकटीच होते. मग पुन्हा प्रवेश फी मागितली! माझं जॅकेट तुमच्याकडे अडकलंय म्हणून मी आत येतेय, नाचायला नाही! म्युनिकमध्ये राहून जे जर्मन कधी धड जमलं नाही, ते काल अस्खलित आलं. सगळी लिंगं बरोबर. भांडण हीच खरी भाषाशाळा.

आणि निघालाच आहे विषय तर सगळंच निघू दे. स्की करून आले की दुपारी तीनलाच प्यायला-नाचायला सुरू होतात हे लोक. तीनला! उन्हात, हेल्मेट डोक्यावर, चाळिशीचे बाप्ये टेबलावर चढून स्की बूट आपटतात. ते बूट इतके आपटले की रात्री आठनंतर गावात ते घालून फिरायलाच बंदी आणावी लागली. मी मात्र दिवसभर शिकाऊ पोरांच्या उतारावर पडून, गुडघे सोलून, महागडा स्की पास वसूल केल्याचं नाटक करत असते, तोवर माझी ऑफिसची अख्खी टीम पेअरच्या श्नाप्सचा, म्हणजे तिथल्या कडक दारूचा, ट्रे संपवून बसलेली. दर घोटाला डोळ्यांत बघून "प्रोस्ट", म्हणजे चिअर्स. नाही बघितलं की पुन्हा ग्लास भरणार. गाणी तर सगळी एकच. कोरस सुरू झाला की सगळ्यांना पाठ, माझ्याशेजारच्या नागपूरकरालासुद्धा. याला कधी पाठ झाली, देव जाणे. ऑफिसात साधा पासवर्ड लक्षात राहत नाही त्याच्या.

दीड-एक हजार वस्तीचं गाव, पाहुण्यांच्या खाटा दहा हजारांच्या वर. गावाच्या पोटातून बोगदा काढलाय, त्यात सरकते पट्टे, म्हणजे पायांनी साथ सोडलेल्यांचीही सोय. वर डोंगरावर, इडआल्प नावाच्या स्कीच्या पठारावर, २,३२० मीटरवर, बर्फात मैफली होतात. १९९५ मध्ये एल्टन जॉनपासून सुरुवात. एवढ्या उंचीवर पियानो चढवता येतो, पण तळघरात दुसरा गार्डरोबवाला ठेवता येत नाही. २०२० च्या मार्चमध्ये याच गावातून अर्ध्या युरोपभर करोना गेला, सगळी दरी बंद करावी लागली. मला वाटलं होतं, त्यानंतर तरी एका खोलीत किती माणसं कोंबायची याचा विचार होईल. भाबडी मी. काल शेजारच्याची कोपरं माझ्या बरगड्यांत, आणि वर म्हणे गावाचं घोषवाक्य होतं "रिलॅक्स. इफ यू कॅन." निदान खोटं तरी बोलले नाहीत.

तर थांबले. करणार काय? अंगात तेच डबल एक्सेल, मोठ्या भावाचा रेनकोट घातलेल्या बालवाडीच्या पोरीसारखी मी. ज्या क्लबात जॅकेट घालून प्रवेश नाही, त्याच क्लबात ते घालून बसले, आणि आता कुणाला काही नियम आठवेना. साडेतीनला डीजेने काहीतरी लावलं. नंतरचं मला नीट सांगता येणार नाही, पण टीमच्या ग्रुपवर व्हिडिओ आहे. त्यात टेबलावर दोन हेल्मेटवाले डच, मध्ये एक काळा तंबू, तंबूला हात फुटलेत आणि तोंडाला कोरस. अख्खा. पाठ. नागपूरकराने खाली लिहिलंय, "ताई, तुम्ही पण?" गप बस.

पाचला दिवे लागले. उरलं काय होतं? एक लहान मुलाचं जॅकेट (लहान मूल? तिथे?) आणि एक स्कीची काठी. त्या पोराने खरोखर काठी पुढे केली.

आज सकाळपासून क्लबला फोन लावतेय. अकराला एका बाईंनी उचलला. अगदी गोड आवाज. मी सगळं सांगितलं: मोरपंखी, कमरेला बसणारं, टोपीला फर, उजव्या खिशात हॉटेलची किल्ली, जिचे हॉटेलवाल्याने आज सकाळी ४० युरो लावले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, बिल्ला आहे का?

बिल्ला त्याने काल रात्रीच काढून घेतलाय, बाई! जॅकेट घेतल्यावर बिल्ला परत द्यावाच लागतो ना!

"मग जॅकेट मिळालंय तुम्हाला," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.