गादीची सूज आणि जनुकं: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘मणक्याच्या गादीला सूज आली की पेशींची जनुकं बदलतात आणि तो दोष मुलाबाळांत उतरतो’ असा मेसेज सध्या फिरतोय. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो.

सुजेत इंटरल्युकिन-१ बीटा, टीएनएफ-अल्फा अशी प्रथिनं वाढतात. त्यांच्या इशाऱ्यावर गादीच्या पेशींतली काही जनुकं जोमाने कामाला लागतात, काही मंदावतात. एमएमपी-३, एमएमपी-१३ यांसारखी गादीचा सांगाडा तोडणारी एन्झाइम्स वाढतात आणि पाणी धरून ठेवणारं अ‍ॅग्रेकन कमी बनतं. शस्त्रक्रियेत काढलेल्या गादीतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, त्यांत सुजेची ही प्रथिनं घालून आणि आरएनए (जनुक कामाला लागलं की बनणारी त्याची प्रत) मोजून हे तपासलेलं आहे. पण यासाठी डीएनएची अक्षरं बदलावी लागत नाहीत. बदलतो तो जनुकांच्या कामाचा वेग. शिवाय गादीच्या पेशी म्हणजे बीजपेशी (शुक्राणू किंवा स्त्रीबीज) नव्हेत, त्यांतलं काही मुलांकडे जात नाही. (गादी लवकर झिजण्याची प्रवृत्ती आनुवंशिक असू शकते, पण ती जन्मापासूनची.) आणि सूज दरवेळी वैरीच असते असंही नाही: बाहेर सरकलेला गादीचा तुकडा जिरवायला तीच मदत करते.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.