आक्काची भाकरी बंद करणाऱ्या मेसेजला उत्तर

महाशिवरात्रीच्या आसपास आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला. ‘थोडं थोडं बदलून आजवर कुणाची तब्येत सुधारली नाही. ज्याला खरंच सुधारायचंय त्यानं उद्यापासून एकदम सोडावं,’ अशी सुरुवात. पुढे यादी: भाकरी, पोळी, भात २१ दिवस पूर्ण बंद. तेलाचा थेंब नको. साखर बंद, पण गूळ आणि मध हवा तेवढा. साधं मीठ विष, सैंधव कितीही चालतं. शुगरवाल्यांनी केळ्याला हात लावायचा नाही. २२व्या दिवशी नवी सवय कायमची लागलेली असेल आणि ‘गोळ्यांची गरज आपोआप संपेल’. हा मेसेज मला नंतर आणखी तीन ग्रुपवर दिसला.

एरवी मी असलं काही वाचून पुढे जाते. पण हा आक्कापर्यंत पोचला.

आक्का म्हणजे माझी आत्या. वय ६३, राहते अमळनेर तालुक्यात, नऊ वर्षांपासून शुगर आहे. तिनं सोमवारपासून भाकरी बंद केली. गोळी मात्र चालू ठेवली, कारण मेसेजच्या हिशेबानं ती नंतर आपोआप सुटणार होती. सकाळी काकडी आणि पपईच्या चार फोडी, दुपारी उकडलेला दुधी, रात्री पुन्हा तेच. गुरुवारी अकराच्या सुमाराला ओट्यावर मेथी निवडता निवडता तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. शेजारच्या सुनेनं हे आपल्या माहेरी पाहिलेलं होतं म्हणून ओळखलं. घरातल्या साखर मोजायच्या यंत्रावर आकडा आला ५४. तिनं लगेच साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. संध्याकाळी मी फोनवर चिडले, तर आक्का शांतपणे म्हणाली, “त्यामा लिखेल शे ना, एकदम सोडानं.”

म्हणून आधी याच मुद्द्याबद्दल.

शुगरच्या काही गोळ्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ही नावं आपल्याकडच्या कितीतरी घरांतल्या पाकिटांवर असतात. या गोळीचा डोस तुम्ही रोज जे जेवता ते धरून ठरवलेला असतो. जेवणातलं धान्य एका दिवसात काढून टाकलं आणि गोळी तीच राहिली, तर रक्तातली साखर घसरत जाते. इन्सुलिनच्या इंजेक्शनचंही तेच. ७० च्या खाली आकडा गेला की धोका सुरू होतो आणि त्याहून खूप खाली गेला तर माणूस बेशुद्ध पडतो. शेतात एकटं असताना, मोटारसायकलवर असताना, रात्री झोपेत हे झालं तर शेजारची सून कुठून येणार?

मेसेज लिहिणाऱ्यानं यातली एक ओळही लिहिली नाही, म्हणून मी लिहिते. घाम, थरथर, एकदम कडकडून भूक, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं की आकडा बघा. कमी असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, वर आला नसेल तर पुन्हा द्या. सावरल्यावर काहीतरी नीट खायला घाला. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, घशात अडकेल. सरळ दवाखाना गाठा. आणि उलट बाजूनं, मेसेज वाचून गोळीच सोडून देणं हेही तितकंच घातक. सगळ्याच गोळ्या अशी साखर पाडत नाहीत हे खरं, पण आपली कोणती आहे हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताटातली भाकरी एकदम काढू नका.

यावर ज्या चुलत भावानं मेसेज टाकला होता त्याचं उत्तर आलं, “ताई, इंग्लंडात एकदम बंद करूनच लोकांची शुगर गेली आहे.” हे पूर्ण खोटं नाही, मला मान्य करावं लागतं. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा एक मोठा अभ्यास झाला. २०१७ च्या शेवटी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरीच्या तयार सूप-शेकवर ठेवलं आणि वर्षाअखेर त्यातल्या ४६ टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय आटोक्यात आलेली होती. पण पुढचं वाच ना, भाऊ. त्यांच्या शुगरच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी स्वतः थांबवल्या होत्या. इन्सुलिनवाल्यांना घेतलंच नव्हतं. शुगर असल्याचं कळून सहा वर्षं उलटून गेलेल्यांनाही घेतलं नव्हतं, म्हणजे नऊ वर्षांपासून शुगर असलेली आक्का त्या अभ्यासाच्या दारातूनच परत आली असती. सूप संपल्यावर रोजचं जेवण काही आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं परत सुरू केलं, त्यासाठी माणूस नेमलेला होता. आणि दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ टक्के झाले. देखरेखीखालचा उपचार वेगळा आणि ग्रुपवरची यादी वेगळी.

धान्यच वाईट हा तर आपल्या घरावरचाच आरोप आहे. १०० ग्रॅम ज्वारीत १० ग्रॅमच्या आसपास तंतू आणि जवळपास तेवढीच प्रथिनं असतात. पांढऱ्या तांदळात तंतू तीन ग्रॅमही नसतात. आपली कळण्याची भाकरी आठवा. ज्वारीत सालासकट उडीद दळायचे, म्हणजे धान्य आणि डाळ एकाच भाकरीत. दादर ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि पातीचा कांदा या जेवणात काय वाईट आहे? वाईट आहे ते भरितावर तरंगणारं तेल, आणि तीन भाकरींनंतर पुन्हा भात.

कारण इथंही मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे: आपण धान्य खातो ते फार जास्त. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती मी पूर्ण वाचली आणि या लिखाणाचा निम्मा भार त्यांच्यावरच आहे. २००० कॅलरीच्या दिवसाला त्यांनी सांगितलंय: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दाणे-तीळ वगैरे ३५, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर. धान्याचं वजन कच्चं धरलेलं आहे. एकूण कॅलरींतला धान्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये असं त्यात स्पष्ट म्हटलंय. शून्य करा असं कुठेही नाही.

मग मी आक्काकडे जाऊन तिच्या भाकरीचं पीठ तोललं. एका भाकरीला ९० ग्रॅम. दिवसाच्या चार भाकरी म्हणजे ३६० ग्रॅम, वर रात्रीचा भात. डाळ मात्र पातळ वरणाची एक वाटी आणि भाजी बोटभर, भाकरी लावून खाण्यापुरती. आम्ही डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी गोळीचा डोस बदलला, आणि ठरलं ते एवढंच: पहिले पंधरा दिवस फक्त रात्रीचा भात जाईल आणि त्या जागी घट्ट वरण, नाहीतर उसळ येईल. त्यानंतर दुपारची अर्धी भाकरी कमी होईल आणि पोकळा, चाकवत, गंगाफळ असं जे बाजारात असेल ते वाटीभर वाढेल. वरण-बट्टीच्या दिवशी चारच्या जागी तीन बट्ट्या आणि घोटलेली वांग्याची भाजी दुप्पट. यात घरात वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. ही बाब मला फार महत्त्वाची वाटते, कारण चार माणसांच्या घरात एका बाईसाठी उकडलेला दुधी रोज वेगळा शिजत नाही. तो तिसऱ्या आठवड्यात बंद होतोच, आणि मग ती स्वतःला दोष देत बसते.

आता २१ दिवसांचं. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या लिखाणातून आलेला आहे. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना कमीत कमी २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्याचा भाकरीशी काही संबंध नाही, आणि ‘कमीत कमी’ हे शब्द वाटेत कुठेतरी गळून पडले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष पाहिलं. प्रत्येकानं खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एकच साधी गोष्ट निवडायची आणि रोज ठरावीक वेळेला करायची, जसं की जेवणासोबत एक फळ. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की मध्येच एखादा दिवस चुकला तर काही बिघडलं नाही. मेसेज मात्र म्हणतो, एक दिवस चुकलात तर पहिल्यापासून मोजा. लग्नसराईत खान्देशात कोण २१ दिवस सलग पाळणार आहे?

थोडं थोडं बदलून काही होत नाही म्हणणाऱ्यांनी चहाचा हिशेब करून बघावा. आक्का डॉक्टरांनी कितीदा सांगूनही दिवसाला चार कप चहा प्यायची, कपाला दोन चमचे. म्हणजे आठ चमचे, ४० ग्रॅम साखर. वरून घातलेली साखर दिवसाला २५-३० ग्रॅमच्या पुढे नको असं पोषण संस्था धडधाकट माणसालाही सांगते. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी केला तर महिन्याभरात कपाला एक चमचा होतो आणि दिवसाला २० ग्रॅम साखर वाचते. तिथं थांबायचं नाहीच, पण जीभ तेवढ्या वेळात सरावते.

तेल एकदम बंद करायची गरज नाही, पण मोजायची नक्की आहे. २७ ग्रॅमच्या हिशेबानं चार माणसांना पाच लिटरचा डबा ४२ दिवसांच्या आसपास पुरायला हवा. आमच्याकडे तो २८ दिवसांत संपायचा. आता फोडला की डब्यावर मार्करनं तारीख लिहिते आणि दर डब्याला तीन-चार दिवस लांबवते. शेवभाजीची तर्री थोडी कमी झाली, घरात कुणी तक्रार केली नाही.

बाकीचे मुद्दे पटकन. गूळ ही बहुतांशी साखरच आहे, रक्तातला आकडा तोही वाढवतो, मधही वाढवतो. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. त्यानं रक्तदाब वाढत नाही हे चूक, आणि आयोडीन खात्रीनं मिळतं ते पाकिटातल्या आयोडीनयुक्त मिठातूनच. मीठ दिवसाला पाच ग्रॅम, मग ते कोणतंही असो. ब्रिटननं कंपन्यांना पावात आणि तयार पदार्थांत मीठ हळूहळू कमी करायला लावलं, तर २००१ ते २०११ या काळात तिथल्या माणसाचं सरासरी मीठ दिवसाला ९.५ ग्रॅमवरून ८.१ वर आलं. थोडं थोडंच केलं होतं त्यांनी. आणि केळ्याबद्दल: एक मध्यम केळं, जेवणावर नाही तर मधल्या वेळेला, आणि आपला आकडा मोजून. जळगाव जिल्ह्यात राहून केळ्याला हात लावू नका म्हणणारे मेसेज पुढे ढकलताना निदान एकदा विचार करायचा होता.

दीड महिना झाला. आक्काचा रात्रीचा भात सुटलाय, दुपारच्या दोन भाकरींची दीड झालीय, चहाला एक चमचा साखर. बिबड्या आणि पापड रोज तळले जातात, त्याला अजून हात लावलेला नाही, तो उन्हाळ्यानंतर. परवा तिनं फोनवर जरा चाचरतच विचारलं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी खायची की नाही. मी म्हटलं, खायची, पण ती पोळी ताटाबाहेर जाते, तू एकटीनं अख्खी नको आणि त्या दिवशी आमरस वेगळा नको.

“बरं,” म्हणाली, “तू ये मग. अर्धी तुले, अर्धी मले.”