कोकणातला मे महिना केवळ पाऱ्याने मोजू नका

एप्रिल संपत आला की भारतीय हवामान विभाग मे महिन्याचा अंदाज जाहीर करतो, आणि मेच्या मध्याच्या सुमारास मॉन्सूनच्या आगमनाचा. त्यातून कोकणातल्या माणसापर्यंत दोनच गोष्टी पोहोचतात: पारा किती चढणार आणि मॉन्सून केरळात कोणत्या तारखेला दाखल होणार. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि पुढे गोव्यापर्यंत समुद्राकाठी राहणाऱ्यांच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी दुय्यम आहेत, असे माझे ठाम मत आहे. हवेतला दमटपणा, रात्रीचे तापमान, मॉन्सूनपूर्व सरी आणि अरबी समुद्राची अवस्था या चार गोष्टींवर आपला मे महिना ठरतो, आणि बातम्यांत नेमक्या याच गोष्टींना सर्वांत कमी जागा मिळते.

कोकणात सर्वाधिक तापमानाचे दिवस बहुधा मे महिन्यात येतच नाहीत. मार्च आणि एप्रिलमध्ये घाटावरून येणारे कोरडे पूर्वेचे वारे जोर धरतात, त्यामुळे समुद्रावरून येणारे खारे वारे दुपार उलटून गेल्यावर सुरू होतात, आणि तेवढ्या वेळात पारा झपाट्याने वर जातो. रायगड जिल्ह्यातल्या भिरा येथे 46 अंशांच्या वर तापमान गेले ते 2017 च्या मार्चमध्ये, आणि मुंबईत सांताक्रूझला नोंदलेला 42.2 अंशांचा उच्चांक 14 एप्रिल 1952 चा आहे. मे महिन्यात पश्चिमेचे आणि वायव्येचे वारे स्थिरावतात, कमाल तापमान 33-34 अंशांच्या आसपास राहते, आणि त्याच वाऱ्यांबरोबर आलेल्या बाष्पामुळे उकाडा मात्र असह्य होतो. आकडा खाली येतो आणि त्रास वाढतो, असा हा महिना आहे.

उष्णतेच्या लाटेचा अधिकृत निकषही पाऱ्यावरच उभा आहे. किनारपट्टीवरील केंद्रांसाठी कमाल तापमान किमान 37 अंश असावे आणि ते सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी जास्त असावे, अशी अट आहे. मे महिन्यात ती क्वचितच पुरी होते, म्हणून लाट जाहीर होत नाही, आणि लाट नाही म्हणजे धोका नाही असा सोयीचा अर्थ लोक, कंत्राटदार आणि कार्यक्रमांचे आयोजक काढतात. प्रत्यक्षात 33 अंश तापमान आणि 65 टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर उष्मा निर्देशांकाच्या प्रचलित सूत्राप्रमाणे शरीराला जाणवणारी उष्णता सुमारे 41 अंशांची असते, तर 40 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असलेल्या विदर्भातल्या कोरड्या दुपारी तीच संख्या सुमारे 39 येते. विदर्भाचे हाल कमी आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही, कारण तिथे पारा 45 अंशांच्या पुढे जातो. मात्र घाम वाळलाच नाही तर शरीर थंड होत नाही, ही साधी गोष्ट कोकणाच्या इशाऱ्यात ठळकपणे यायला हवी. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील कार्यक्रमात उष्माघाताने 14 जणांचे प्राण गेले, त्या दिवशी परिसरातले नोंदलेले तापमान 38 अंशांच्या आसपास होते. किनाऱ्यावर माणसे दगावण्यासाठी पारा चाळिशी गाठावाच लागतो असे नाही, हे तेव्हाच सर्वांच्या लक्षात यायला हवे होते.

रात्रीविषयी तर कोणी बोलतच नाही. मे महिन्यात मुंबईचे सरासरी किमान तापमान 27 अंशांच्या आसपास असते, आणि दिवसभर तापलेल्या पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या घरात ते त्याहून पुष्कळ जास्त जाणवते. त्यातच रात्री वारा पडला आणि वीज गेली, तर शरीराला विश्रांती मिळण्याचा एकमेव काळही हातचा जातो. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि दिवसा उन्हात राबणारे मजूर यांच्यासाठी किमान तापमानाचा अंदाज कमाल तापमानाइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा आहे.

आता मॉन्सूनपूर्व पावसाकडे येतो, कारण कोकणाचे वर्षभराचे अर्थकारण या महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्यात अडकलेले असते. हापूसचा शेवटचा तोडा, रातांब्याच्या सालींची आमसुले, आंब्या-फणसाची साठे, पापड-कुरडया, मसाल्याच्या मिरच्या, वाळत घातलेले बोंबील आणि सुकट, पेण-उरणकडच्या मिठागरांतले मीठ, घराची शाकारणी आणि चार महिन्यांच्या लाकूडफाट्याची बेगमी, या सगळ्यांना कोरडे ऊन लागते आणि एकाच वेळी लागते. एक जोरदार सर आली की झाडावरच्या आंब्याला फळमाशी आणि करपा गाठतो, अर्धवट वाळलेल्या सोलांना बुरशी धरते आणि मीठ विरघळून जाते. अशा वेळी 'कोकणात तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस' एवढ्या वाक्यावरून आमसुले आज उन्हात घालायची की घरात घ्यायची, हे घरातल्या बाईला ठरवता येत नाही. तिला आपल्या तालुक्यापुरती आणि पुढच्या तीन-चार दिवसांपुरती शक्यता टक्क्यांत हवी असते.

2025 च्या मे महिन्याने हे सगळे एकदम दाखवून दिले. केरळात मॉन्सून 1 जूनऐवजी 24 मे रोजी पोहोचला, दुसऱ्याच दिवशी तो सिंधुदुर्गात देवगडपर्यंत आला, आणि 26 मे रोजी मुंबईत दाखल झाला. मुंबईत त्याची नेहमीची तारीख 11 जून आहे. त्याआधीही मे महिनाभर सरी कोसळत होत्याच, आणि कुलाब्यात 1918 पासून टिकून असलेला मे महिन्यातील पावसाचा विक्रम मोडला. बातम्यांत मॉन्सूनच्या लवकर आगमनाचा आनंद होता. कोकणातल्या शेतकऱ्याला मात्र धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, भाताची पेरणी करायलाही संधी मिळेना, कारण रोपवाटिकेची जमीन तयार होण्याआधीच चिखल झाला होता. पुढे मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत मॉन्सूनची वाटचाल थांबली. आगमनाच्या तारखेला आपण जो मान देतो तो अनाठायी आहे, असे मी म्हणतो ते यासाठी. मॉन्सून केव्हा आला यापेक्षा आल्यानंतर तो टिकणार का आणि मध्ये किती दिवसांची उघडीप मिळणार, हे शेतकऱ्याला आधी कळायला हवे.

अल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापून आपला मॉन्सून कमजोर पडण्याच्या शक्यतेच्या, बातम्यांबाबतही थोडा संयम बाळगावा असे वाटते. मार्च ते मे या काळात प्रशांत महासागराची स्थिती बदलत असते आणि त्या सुमारास केलेले अल निनोचे अंदाज वर्षातल्या इतर काळाच्या तुलनेने कमी विश्वासार्ह असतात, हे शास्त्रज्ञ स्वतःच सांगतात. शिवाय देशभराच्या सरासरीचा अंदाज, म्हणजे 87 सेंटीमीटरच्या दीर्घकालीन सरासरीच्या किती टक्के पाऊस होईल हे गणित, कोकणाला फारसे उपयोगी नाही, कारण सह्याद्रीच्या पायथ्याशी सरासरीपेक्षा कमी पावसाच्या वर्षातही दोन-अडीच हजार मिलिमीटर पडू शकतो.

इथे हवामान विभागाला दोष देणे अन्यायाचे होईल. दर गुरुवारी पुढील काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज निघतो, मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्हानिहाय कृषी सल्ला प्रसिद्ध होतो, उष्ण व दमट हवामानाचा वेगळा इशाराही दिला जातो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली 6 किलोमीटर जाळीची, म्हणजे 6 किलोमीटर बाजूच्या प्रत्येक चौकोनाचा वेगळा अंदाज देणारी, प्रणाली 2025 च्या मे महिन्यात कार्यान्वित झाली. समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधली आपली पट्टी जेमतेम 50 ते 75 किलोमीटर रुंद आहे, त्यामुळे आधीच्या 12 किलोमीटरच्या जाळीत तिच्या रुंदीत चार ते सहा चौकोनच बसत होते. आता किनारा, खलाटी (किनाऱ्यालगतचा सखल भाग) आणि वलाटी (सह्याद्रीकडचा डोंगराळ भाग) यांचा वेगवेगळा विचार शक्य आहे. अडचण आहे ती हे सगळे मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर वेळेत न पोहोचण्याची. ते काम जिल्हा प्रशासनाचे आणि वृत्तमाध्यमांचे आहे.

समुद्राच्या बाबतीत हा उशीर सर्वांत महाग पडतो. मॉन्सूनपूर्व काळात अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान 30 अंशांच्या आसपास किंवा वर असते आणि तीच ऊब वादळांना पोसते. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकत गेले आणि 17 मे रोजी मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-305 ही कामगारांच्या मुक्कामाची बार्ज (सपाट तळाची नौका) बुडून अनेक कामगारांना जलसमाधी मिळाली. त्याआधीच्या वर्षी, 3 जून 2020 रोजी, निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड आणि दापोलीच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. मासेमारीबंदी 1 जूनपासून सुरू होते, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, नेमक्या याच धोक्याच्या काळात, हंगामाची अखेरची कमाई करण्यासाठी नौका दूरवर गेलेल्या असतात. खोल समुद्रात मोबाइलला रेंज नसते आणि तिथून बंदरात परतायला दीड-दोन दिवसही लागू शकतात. म्हणून कमी दाबाचा पट्टा तयार होण्याची नुसती शक्यता दिसली, तरी ती सूचना नौका बंदर सोडण्याआधी, बर्फ आणि डिझेल भरले जात असतानाच, जेटीवर तांडेलाच्या, म्हणजे नौकेच्या प्रमुखाच्या, हाती पडली पाहिजे.