घरभाड्याचं सरकारी व्हाउचर देणाऱ्या फॉरवर्डबद्दल

"फॉर्म भरू का गं?" असं गोव्यातल्या फोंड्यात भाड्यानं राहणाऱ्या मावसबहिणीनं विचारलं आणि खाली तोच मेसेज चिकटवला. सोसायट्यांपासून शाळांपर्यंत सगळ्या ग्रुपांवर तो फिरतोय, म्हणून उत्तर उघड देते.

मेसेज असा: पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मधून भाडेकरूंना व्हाउचर मिळतं. उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं तुम्ही भरायचं, उरलेलं सरकार घरमालकाच्या खात्यात टाकणार. मालकाला नकार देता येत नाही. ४९९ रुपये आणि आधारचा ओटीपी दिला की तीन दिवसांत मंजुरी.

"व्हाउचर मिळतं." यात अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करते. १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या या योजनेच्या मार्गदर्शक सूचना केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयानं छापल्या आहेत. त्या कोणालाही वाचता येतात, पण वाचतो कोण! त्यांत व्हाउचर आहे, फक्त ते घर विकत घेणाऱ्याचं. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबानं राज्यानं मान्य केलेल्या खाजगी प्रकल्पात फ्लॅट घेतला, तर मदत व्हाउचरच्या रूपात मिळते. गोव्यासारख्या राज्यासाठी केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे किमान एक लाख. हे एकदाच, फ्लॅटच्या किमतीत वळते होणारे पैसे. पणजी-म्हापशातले दर पाहता त्या पैशांत किती भागणार हा निराळा विषय.

भाड्याच्या घरांचा वेगळा घटकही त्याच पुस्तिकेत आहे, गोंधळ बहुधा तिथूनच झाला. पण त्यात पैसा भाडेकरूच्या हातात येतच नाही. एका पद्धतीत सरकारी खर्चानं बांधून रिकामी पडलेली घरं भाड्यानं द्यायची. दुसऱ्या पद्धतीत खाजगी किंवा सरकारी संस्थेनं नवी इमारत बांधून चालवायची, आणि तिला दर चौरस मीटरमागे केंद्राकडून ३,००० व राज्याकडून २,००० रुपये मिळतात. इमारत उभी राहिली तर तिथं खोली मागता येईल. पणजीजवळच्या सांताक्रूझमधल्या एखाद्या मालकाच्या वरच्या मजल्याचं भाडं भरण्याची तरतूद यात कुठेही नाही.

मग ते ३० टक्के आले कुठून? अमेरिकेतून. तिथं 'सेक्शन ८' नावाची व्हाउचर योजना आहे. कुटुंब उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरतं आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंतचं उरलेलं भाडं स्थानिक गृहनिर्माण संस्था थेट मालकाला देते. आधी घराची तपासणी होते, घर शोधायला मुदत असते आणि प्रतीक्षायादी वर्षानुवर्षं हलत नाही. घरमालकानं व्हाउचर घेतलंच पाहिजे अशी सक्ती तिथल्या केंद्रीय कायद्यातसुद्धा नाही. कोणीतरी तिकडचा व्हिडिओ उचलला आणि त्यावर आपल्या योजनेचं नाव चिकटवलं.

आता खरं घातक वाक्य: "बाकीचं भाडं सरकार भरेल, आजच घर पक्कं करा." महिना १८,००० कमावणाऱ्या माणसाचा हिशेब मांडा. ३० टक्के म्हणजे ५,४००. मेसेजवर विसंबून तो १६,००० भाड्याचा फ्लॅट घेतो. तूट दर महिन्याला १०,६००, अकरा महिन्यांची १,१६,६००, डिपॉझिट वेगळं. लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर भाडेकरू म्हणून सही त्याची एकट्याची असते, सरकारची नसते. दुसऱ्या महिन्यात भाडं थकलं की मालक ते डिपॉझिटमधून कापायला लागतो. करारात लॉक-इनचं कलम (ठरलेल्या महिन्यांआधी घर सोडायचं नाही अशी अट) असेल तर मधेच सोडतानाही उरलेल्या महिन्यांचं भाडं मागतात. एजंटचं कमिशन गेलेलं असतं आणि आधीची स्वस्त खोली तोवर दुसऱ्याला दिलेली असते. म्हणून सही करण्यापूर्वी लॉक-इन किती महिन्यांचं, नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट कशाकशासाठी कापणार आणि विजेचा मीटर वेगळा आहे का, हे चार मुद्दे करारात लिहिलेले पाहा. तोंडी "बघूया मागीर" (नंतर बघू) चालवून घेऊ नका.

"मालकाला नकार देता येत नाही." देता येतो. पुढे जाऊ.

४९९ रुपयांचं सरळ आहे: योजनेच्या नावानं कोणाच्याही यूपीआय खात्यावर पैसे मागितले की ती फसवणूक. ओटीपीत मात्र लोक चकतात, कारण खऱ्या सरकारी पोर्टलवरही आधारचा ओटीपी लागतो. फरक इतकाच, की तो तुम्ही स्वतः त्या पानावर टाकायचा, फोनवर कोणाला वाचून दाखवायचा नाही. आणि तीन दिवसांत मंजुरी? अर्ज पालिकेच्या पडताळणीतून राज्याच्या समितीकडे आणि तिथून केंद्राच्या समितीकडे जातो. गोव्यात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद जायला किती वेळ लागतो ते सांगायला नको.

ज्यांना योजनेतून खरोखर काही हवं आहे, त्यांनी आपल्या पालिकेत जाऊन आधी एवढंच विचारावं: भाड्याच्या घरांचा प्रकल्प आपल्याकडे मंजूर आहे का, आणि आपला पत्ता योजनेच्या हद्दीत येतो का. पणजी महानगरपालिका आणि तेरा पालिका शहरी आहेत, पण पर्वरी, ताळगाव पंचायतीत मोडतात, म्हणून तिथल्यांनी हे विचारल्याशिवाय कागद गोळा करू नयेत. घर विकत घ्यायचं असेल, तर कुटुंबात कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं आणि गेल्या २० वर्षांत दुसऱ्या सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा. गावच्या घरात तुमचं नाव लागलेलं असेल तर ते आधीच सांगा, पडताळणीत निघतंच.

पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि बँकेला कळवा. जितका उशीर कराल, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यांत सरकत जाते.