लिव्हर मऊ का राहिला? ब्रेक ऑइलवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दुचाकीच्या डिस्क ब्रेकचं ऑइल घरी बदलण्यावर मी लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सगळं जुनं ऑइल काढून नवं भरलं, तरी ब्रेकचा लिव्हर मऊच. सिरिंजने ओढलं तर बुडबुडे संपेनात. मुळात ऑइल स्वच्छ दिसत असताना दोन वर्षांनी बदलायची गरजच काय? आणि बदलायचंच तर नेहमीच्या डॉट ४ ऐवजी पाणी न शोषणारं डॉट ५ का नको? (डॉट ४, डॉट ५ हे ब्रेक ऑइलचे प्रकार.)

मऊ लिव्हरचं कारण तुमच्या पहिल्याच वाक्यात आहे. ऑइलमध्ये हवा शिरली की दाबल्यावर ती आकसते आणि लिव्हर मऊ लागतो. सगळं जुनं ऑइल आधी काढायचं नसतं. नव्याने जुन्याला ढकलत बाहेर काढायचं, म्हणजे हवा शिरायला जागाच राहत नाही. हँडलवरच्या ऑइलच्या डबीतलं जुनं सिरिंजने उपसा, पण तळातली भोकं उघडी पडायच्या आत थांबा आणि नवं भरा. कॅलिपरच्या (चाकाजवळ डिस्कला पकडणाऱ्या भागाच्या) निपलवर, म्हणजे ऑइल बाहेर सोडायच्या स्क्रूवर, आधी रिंग पाना, मग पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलात बुडवलेलं. लिव्हर दाबून धरा, निपल पाव फेरा सैल करा, लिव्हर खाली जाऊ लागला की तो मुठीला टेकायच्या आत निपल बंद करा आणि मगच लिव्हर सोडा. हा क्रम एकदा जरी चुकला तरी बाहेरची हवा आत ओढली जाते. दर पाच-सहा वेळा दाबल्यावर डबी बघा. लिव्हर भराभर पंप करू नका, एका मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक होतात.

आता अडकलेली हवा. ती वर चढते, आणि सगळ्यात उंच जागा बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरला (लिव्हरजवळच्या, ऑइलवर दाब देणाऱ्या भागाला) ऑइलची नळी जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टपाशी असते. खालच्या निपलमधून ती सहज निघत नाही. हँडल असं वळवा की मास्टर सिलिंडर उंच येईल, डबीचं झाकण काढा आणि लिव्हर जेमतेम पाव इंच, हळूहळू हलवत राहा. तळाच्या भोकातून टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे वर येताना दिसतील. तेवढ्याने नाही भागलं, तर झाकण लावून लिव्हर रात्रभर दाबून बांधून ठेवा. सकाळी बऱ्याचदा फरक जाणवतो.

सिरिंजची तक्रार मात्र रास्त आहे, मी ते लिहायला हवं होतं. निपल सैल असताना ओढलं की त्याच्या आट्यांच्या फटीतून हवा नळीत येते. ते बुडबुडे कॅलिपरमधले नसतातच! म्हणून शेवटची फेरी लिव्हर दाबूनच करायची.

आता दोन वर्षांचं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि रंगावरून ते कळत नाही. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, हे मानकातच आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १५५ वर येते. लांब घाट उतरताना ऑइलची वाफ होते आणि लिव्हर थेट मुठीला टेकतो. गार झाल्यावर तोच लिव्हर पुन्हा टणक, त्यामुळे घरी तपासून काहीच सापडत नाही.

डॉट ५ सिलिकॉनचं असतं. आत शिरलेलं पाणी त्यात मिसळत नाही, खोलगट जागी साचतं आणि तिथेच गंज धरतो. डॉट ४ मध्ये डॉट ५ मिसळायचंही नाही. आकडा फसवा आहे: डॉट ५.१ हे डॉट ४ च्याच जातीचं, ते चालतं. हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचला हीच पद्धत, पण झाकणावरचं आधी वाचा. काही क्लचमध्ये मिनरल ऑइल असतं आणि तिथे डॉट ४ घातलं तर सील फुगून निकामी होतात.

गाडीला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल, आणि सगळं कोरडं पडलं होतं, तर हवा एबीएसच्या मॉड्युलेटरमध्येही (ब्रेकचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागात) गेली असण्याची शक्यता आहे. मग हे घरगुती उपाय पुरत नाहीत. डायग्नोस्टिक टूल लावून आतला पंप फिरवावा लागतो. लिव्हर टणक होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.