कोड वाचला म्हणजे निदान झालं का?

अरे, आधी व्होल्टेज मोजायचा मीटर तरी लावा! गॅरेजवाल्यानं गाडीला स्कॅनर जोडला, पी 2138 हा बिघाडाचा कोड दिसला, लगेच म्हणे रेसच्या पेडलचा सेन्सर गेला, अख्खं पेडल बदला. कशावरून? तो कोड एवढंच सांगतो की पेडलमधल्या दोन सेन्सरचे व्होल्टेज एकमेकांशी जुळत नाहीत. का जुळत नाहीत ते शोधायचं काम तुमचं. त्याचेच पैसे घेता ना?

एरंडोलच्या अलीकडे हायवेवर गाडीनं एकदम दम सोडला. कितीही रेस द्या, उचलेचना. इंजिनचा पिवळा दिवा लागलेला, मागून केळीचा ट्रक हॉर्न देत अंगावर येतोय आणि गाडीत म्हातारी आई. सिग्नल जुळले नाहीत की गाडी भलतीच सुटू नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, रेस रोखतो, लिम्प मोड म्हणतात त्याला. म्हणजे गाडीनं तिचं काम चोख केलं. गॅरेजवाल्यानं नाही केलं!

जळगावात नवं पेडल बसवलं, बिल भरलं, आणि भुसावळ यायच्या आत दिवा पुन्हा पेटला. परत गेलो तर साहेब म्हणतात, थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनला हवा सोडणारी झडप, बदलून बघू. बदलून बघू? माझ्या पैशानं?

खरी तपासणी अशी: चावी ऑन, इंजिन बंद. कनेक्टरच्या मागून मीटरची पिन लावा, 5 व्होल्ट येतात का बघा, अर्थिंग तपासा. मग पेडल हळूहळू दाबा. दोन्ही सिग्नल सलग चढले पाहिजेत, बऱ्याच गाड्यांत एक दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतो. मध्येच उडी मारली किंवा खाली पडला तर तिथं गडबड. वायर हलवूनही बघायची. यात अवघड काय आहे? एवढा वेळ द्यायचा नसेल तर हातात पाना तरी कशाला धरता?

धुळ्यातल्या एका वायरमन दादानं हेच केलं. वायर हलवली की मीटरवरचा आकडा नाचायला लागला. कनेक्टर सोडला तर एका पिनेवर हिरवा गंज. साफ केली, पिन घट्ट केली, कोड उडवला. तेव्हापासून गाडी ठणठणीत.

म्हणजे माझं जुनं पेडल चांगलंच होतं! ते मागायला गेलो तर म्हणे भंगारात दिलं. मला न विचारता! आणि नवं परत घ्या म्हटलं तर उत्तर तयार: बसवलेला इलेक्ट्रिकल पार्ट परत होत नाही, भाऊ.